कानावर घातलं

मराठी दैनिकाच्या डेस्कवर काही शब्द कायम हाताशी असतात. खळबळ, टोला, घणाघात, सूचक वक्तव्य आणि गौप्यस्फोट. यातला शेवटचा मी इतक्या वेळा लिहिला आहे की तो टाइप करताना बोटं आपसूक चालतात. मथळ्यात एकेका अक्षरासाठी मारामार असते, आणि हा शब्द काही आखूड नाही. तरी आम्ही तो बसवतो. हवं तर नेत्याचं पहिलं नाव गाळतो, ‘यांचा’ काढून टाकतो. ‘म्हणाले’ वाचून कोणी थांबत नाही, ‘गौप्यस्फोट’ वाचून थांबतात, अशी आमची समजूत. वाचक खरंच थांबतात का, हे आम्ही कधी कोणाला विचारलेलं नाही.

अलीकडे हा शब्द मला टोचू लागला आहे. त्यात भाषाशुद्धीचा काही प्रश्न नाही. मी तो कोणाला देते आणि कोणाला देत नाही, याचा हिशेब मनाशी मांडून पाहिला आणि तो जुळेना.

आपल्याकडे मंत्री पदाची आणि गोपनीयतेची अशी दुहेरी शपथ घेतो. संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन्हींचा मसुदा दिलेला आहे. मंत्री म्हणून जे समोर येईल ते कर्तव्यासाठी लागेल तेवढं सोडून कोणालाही कळू देणार नाही, असा दुसरीचा आशय. ही शपथ घेतलेली माणसंच पुढे जाहीर सभेत, मुलाखतीत, पुस्तकाच्या प्रकाशनात आतल्या बैठकांच्या हकिकती सांगतात आणि आम्ही त्यांना गौप्यस्फोटाचा मान देतो. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेचा राजभवनातला शपथविधी घ्या. ते सरकार जेमतेम ऐंशी तास टिकलं. त्याच्यावरचे गौप्यस्फोट मात्र वर्षानुवर्षं टिकले. कोणाला ठाऊक होतं, कोणाची संमती होती, बैठक कुठे झाली, शब्द कोणी फिरवला. एकाने सांगायचं, दुसऱ्याने खोडायचं, तिसऱ्याने ‘वेळ आली की बोलेन’ म्हणायचं. प्रत्येक वेळी डेस्कवर तोच शब्द. स्फोट म्हटल्यावर काहीतरी फुटायला हवं, कोणाला तरी इजा व्हायला हवी. इथे सांगणाऱ्याच्या अंगावर ओरखडा उठत नाही. उलट त्याचा भाव वाढतो. वेळ त्याने निवडलेली, माईक त्याने मागवलेला, आणि काय गाळायचं तेही त्यानेच ठरवलेलं. अशा बोलण्याला मी सर्वांत मोठा शब्द देत आले.

आता दुसरी बाजू. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पाच्या कामातले गैरव्यवहार त्यांनी २००२ मध्ये थेट पंतप्रधानांना पत्राने कळवले. निनावी पत्र कोणी मनावर घेणार नाही म्हणून स्वतःची ओळख वेगळ्या कागदावर दिली आणि ती गुप्त ठेवावी अशी विनंती केली. ते पत्र नावासकट या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा गोळी घालून खून झाला. खून लुटीच्या प्रयत्नात झाला असं तपास यंत्रणेने म्हटलं आणि २०१० मध्ये तिघांना शिक्षाही झाली. ते खरं धरलं तरी नाव फोडलं गेलं ही गोष्ट उरतेच, आणि ते फोडणाऱ्यांसाठी आमच्याकडे कुठलाच शब्द नव्हता. दुबे यांनी जे केलं त्याला बातम्यांत ‘तक्रार’ म्हटलं गेलं.

तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी. माहितीच्या अधिकारात कागद मिळवून जमिनींचे व्यवहार बाहेर काढणारे. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला बाहेर पडले असताना त्यांची हत्या झाली. आधी त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. जिवंतपणी त्यांच्यासारख्यांच्या बातम्या आतल्या पानावर ‘आरोप’ म्हणून जातात, तेही एकेरी अवतरणात, उद्या नोटीस आली तर अंगाशी येऊ नये म्हणून. डेस्कची ही शिस्त मला पाठ आहे आणि कायद्याच्या दृष्टीने ती चूकही नाही. पण ती शिस्त लावताना माझा हात कोणावर जड पडतो आणि कोणावर हलका, ते मला माहीत आहे. पुढाऱ्याची ऐकीव गोष्ट ‘गौप्यस्फोट’ आणि सही-शिक्क्याचा कागद घेऊन आलेल्या माणसाचा ‘कथित’ आरोप.

अशा माणसांसाठी मराठीने ‘जागल्या’ हा शब्द पुन्हा वर काढला, तो मला आवडतो. गाव झोपलं असताना जागा राहणारा. त्यात फोडाफोडी नाही, स्फोट नाही. नुसती रात्र काढणं आहे. या जागल्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यावर २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सही झाली आणि मग तो अमलात आणण्याची तारीख जाहीर करायचं सरकारला वर्षानुवर्षं जमलं नाही. गोपनीयतेचा कायदा मात्र १९२३ चा आहे आणि ठणठणीत आहे.

इथपर्यंतचं लिहिणं सोपं होतं. पुढारी, सरकार, कायदा, सगळे आपल्या बाहेरचे. बाहेरच्यांना धारेवर धरण्यात माझी हयात गेली आहे, तेव्हा त्याचं मला विशेष वाटत नाही. कठीण पुढचं आहे.

जे सांगितलं ते खरं होतं म्हणून सांगणारा निर्दोष, असं मी बरीच वर्षं मानत होते. पेशाला सोयीचं तत्त्व आहे ते. मग पुण्यातले द्रविड बंधू आठवतात. २२ जून १८९७ ला ब्रिटिश अधिकारी रँडवर गोळ्या झाडणाऱ्यांत दामोदर चापेकर होते ही त्यांनी सरकारला दिलेली माहिती खरी होती. सरकारने वीस हजार रुपयांचं बक्षीस लावलं होतं. दामोदरपंत फाशी गेले आणि ८ फेब्रुवारी १८९९ ला वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी द्रविडांना घरातून बाहेर बोलावून गोळ्या घातल्या. मराठी माणूस आजही द्रविडांना फितूर म्हणतो. खोटारडे म्हणत नाही, फितूर म्हणतो. म्हणजे आपल्या भाषेने सत्य-असत्याचा निवाडा केव्हाच बाजूला ठेवलेला आहे. ती विचारते ते निराळंच. कोणाचं गुपित होतं, कोणाच्या कानात सांगितलंस, आणि त्याचे तुला काय मिळाले?

हे तीन प्रश्न मी माझ्या स्वतःच्या एका प्रसंगाला लावून पाहिले आहेत.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहतं. त्यांच्या मुलाच्या लग्नाचं बघत होते. एके दिवशी दुपारी मला सांगली भागातून फोन आला. मुलीची आई. ओळखीतल्या ओळखीतून माझा नंबर मिळवलेला. ‘ताई, तुम्ही त्यांच्याच बिल्डिंगमध्ये ना? मुलगा कसा आहे हो? घर बघून सगळं चांगलं वाटलं, पण आतलं कोण सांगणार?’ आवाजात संकोच होता आणि थोडी घाईही. अशा फोनांना काय उत्तर द्यायचं असतं ते आपल्याकडे सर्वांना माहीत असतं. ‘माणसं चांगली आहेत’, ‘आमचं येणं-जाणं तसं कमी’, ‘कधी भांडणाचा आवाज नाही’. लग्न मोडण्याचं पाप आपल्या माथी नको. शंभर खोटं बोलून एक लग्न जमवण्यात पुण्य असतं असं सांगणाऱ्या आज्या-मावश्यांत मी वाढले.

मी सांगितलं. मुलगा पुष्कळदा रात्री उशिरा पिऊन येतो. वॉचमनला त्याला लिफ्टपर्यंत धरून आणावं लागतं. एकदा मजला चुकून त्याने आमचीच बेल वाजवत ठेवली होती आणि दार उघडल्यावर मला ‘आई’ म्हणाला होता. एवढं सगळं सांगितलं, शेवटचंसुद्धा. समोरून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्या ‘उपकार झाले’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. लग्न पुढे गेलं नाही. काही दिवसांनी वरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण कळलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, ‘चहाडी करून काय मिळालं तुम्हाला?’ आणि पिशवी सावरत वर गेल्या.

मी मनातल्या मनात लगेच बचाव उभा केला. विचारलं म्हणून सांगितलं. एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता. अक्षरही खोटं नव्हतं. यातलं प्रत्येक वाक्य आजही मला मान्य आहे, आणि उद्या पुन्हा तसा फोन आला तर बहुधा मी पुन्हा सांगेन. पण वहिनींनी विचारलेला प्रश्न त्याने सुटत नाही. त्यांनी ‘खोटं का बोललात’ असं विचारलंच नव्हतं. काय मिळालं, असं विचारलं होतं.

मिळालं होतं. फोन आला तेव्हा मी आमच्या पॅसेजमध्ये उभी होते. तिथे छताला तपकिरी डाग आहे, पोपडे निघून खाली पडतात. त्यांच्या बाथरूमचं लीकेज. सोसायटीच्या मीटिंगा झाल्या, प्लंबर येऊन गेले, खर्च कोणी करायचा यावरून पत्रापत्री झाली, आणि शेवटी आम्ही एकमेकांशी लिफ्टमध्ये बोलेनासे झालो. त्या बाईंशी बोलताना माझी नजर त्या डागाकडे गेली नसेल असं मला शपथेवर सांगता येणार नाही. ‘मजला चुकून बेल वाजवली’ हा तपशील त्या मुलीच्या आईला निर्णय घ्यायला गरजेचा नव्हता. ‘पितो’ एवढं पुरलं असतं. मुलगा मला ‘आई’ म्हणाला, हे तर सांगण्याचं कारणच नव्हतं. तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत उघडा, केविलवाणा क्षण होता, आणि तो माझ्या दारात घडला एवढाच माझा त्याच्याशी संबंध. मी ते सांगितलं कारण त्याने हकिकत रंगते. ही डेस्कची सवय. कोरडी माहिती आली की बातमीदाराला आम्ही विचारतो, ‘यात माणूस कुठे आहे?’ तो माणूस मी पुरवला.

आणखी एक पडताळा आहे, तो मी बरेच दिवस टाळला. माझ्या भाच्याचं लग्न जमत असताना माझ्याकडे अशाच चौकशीचा फोन आला होता. त्याने शेअर बाजारात बरंच घालवून डोक्यावर कर्ज करून घेतलं होतं आणि ते फक्त घरच्यांना ठाऊक होतं. मी म्हणाले, ‘स्वभावाने फार चांगला आहे.’ तो आहेही. त्याचा संसार नीट चालला आहे, कर्जही फिटत आलं असेल. पण हे मला माझ्या बाजूने मांडता येत नाही, कारण उत्तर देताना मला ते माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या मुलाची चौकशी करणारी मुलीची आई आणि भाच्याची चौकशी करणारा मुलीचा मामा, दोघांनी एकच गोष्ट मागितली होती. एकाला मी सत्य दिलं, एकाला प्रशस्तिपत्र. मधलं अंतर फक्त नात्याचं आणि लीकेजचं.

‘चहाडी’ हा शब्द मात्र मला दुसऱ्या कारणानेही लागला. तो आपण पुरुषांना क्वचित लावतो. पुरुष कानावर घालतो, कल्पना देतो, सावध करतो. बाई चहाडी करते, कागाळी करते, तिच्या पोटात काही राहत नाही. या समजुतीचं मूळ सांगताना लोक महाभारताकडे बोट दाखवतात. युद्ध संपल्यावर कर्ण हा आपला थोरला भाऊ होता हे युधिष्ठिराला कुंतीकडून कळतं, आणि शांतिपर्वात तो समस्त स्त्रीजातीला शाप देतो की यापुढे तुमच्या पोटात गुपित राहणार नाही. कथा सांगणारे हे हसत सांगतात. मी जरा थांबून पाहिलं. ज्या बाईने गुपित जन्मभर सांभाळलं, इतकं की त्यापायी भावाच्या हातून भाऊ मेला, तिच्यामुळे हा शाप. म्हणजे तो बडबडीबद्दल नाहीच, गप्प राहण्याबद्दल आहे. शिवाय हे गुपित एकट्या कुंतीचं कुठे होतं? कृष्णाला ठाऊक होतं. कर्णाने तर त्याला युधिष्ठिराला सांगू नकोस अशी गळ घातली होती. भीष्मांना ठाऊक होतं. षट्कर्णी केव्हाच झालेलं. त्या पुरुषांनी ठेवलेलं मौन मुत्सद्देगिरी ठरलं, शाप बायकांच्या वाट्याला आला.

पण याचा आधार घेऊन मी सुटू पाहते आहे, हेही मला दिसतं. वहिनींचा शब्द स्त्रीद्वेष्टा होता म्हणून त्यांचा प्रश्न चुकीचा होत नाही.

‘गुप्’ या संस्कृत धातूचा मूळ अर्थ रक्षण करणं. लपवणं नंतर आलं. गुपित पुढे आलं की ते कोणाचं रक्षण करतं आहे, एवढं पाहिलं तरी पुष्कळ उलगडतं. पुढाऱ्याच्या बैठकीचं गुपित पुढाऱ्याचंच रक्षण करत असतं. पण ज्या मुलीवर अत्याचार झाला तिचं नाव गुप्त असतं ते तिच्यासाठी. कायदाही आहे, पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम २२८-अ, आता न्याय संहितेचं ७२. ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. आम्ही नाव छापत नाही, त्याबाबत आम्ही कडक आहोत. आणि मग तालुक्याहून आलेली बातमी जशीच्या तशी जाते: अमुक वाडीतल्या ऊसतोड मजुराची नववीत शिकणारी मुलगी, वडील मुकादमाकडे कामाला, आई आजारी, शाळा रस्त्यापलीकडे. त्या वाडीत नववीतल्या मुली असून असून किती असणार? नाव सोडून सारं छापून झालेलं असतं आणि वर ‘ओळख गुप्त ठेवण्यात आली आहे’. अशा मजकुरावर मी रात्री लाल रेघा मारल्या आहेत. आणि अंक सोडायची वेळ झाली असताना कधी कधी फक्त वाडीचं नाव काढून पान पुढे सरकवलंही आहे.

तेंडुलकरांचं ‘कमला’ हे नाटक आमच्या पेशातल्या प्रत्येकाने वाचावं. १९८१ मध्ये अश्विनी सरीन या पत्रकाराने बायकांचा बाजार उघड करण्यासाठी एक बाई तेवीसशे रुपयांना विकत घेतली आणि इंडियन एक्सप्रेसमध्ये ती बातमी गाजली. तेंडुलकरांचा जयसिंग जाधव तेच करतो, कमलाला पत्रकार परिषदेत उभी करतो, आणि तिथले आपल्यासारखेच सुशिक्षित पत्रकार तिला नको ते विचारून हसतात. बातमी सोळा आणे खरी आहे, बाजार खरा आहे. नाटकभर मला जयसिंगचा राग येत राहतो, पण त्याच्या जागी मी वेगळं काय केलं असतं ते सुचत नाही. कमलाला विचारून बातमी केली असती, असं म्हणायला सोपं आहे.

शेवटी एक न फोडलेलं गुपित. आमच्या धंद्यात तालुक्याचा वार्ताहर ज्या मानधनावर काम करतो ते सांगितलं तर बाहेरच्याला पटत नाही. पुष्कळांचा खरा पैसा जाहिरातीच्या कमिशनमधून सुटतो. म्हणजे ज्या पुढाऱ्यावर त्याने लिहायचं, त्याच्याच वाढदिवसाच्या पुरवणीसाठी त्याच्याच दारात जाहिरात मागायला उभं राहायचं. त्या पुढाऱ्याचे गौप्यस्फोट मग डेस्कवर कसे येतात आणि त्याच्याविरुद्धचे आरोप वाटेत कुठे गळतात, हे कोडं फार अवघड नाही. धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे, चहाच्या टपरीवर आम्ही यावर मनसोक्त बोलतो. ते बोलणं धाडसाचं नाही. टपरीवरच्यांना सांगून कोणाचं काही बिघडत नाही, आणि ज्यांना सांगायला हवं ते वाचक तिथे नसतात.

इतकी वर्षं मी यावर एक ओळ लिहिलेली नाही. ही लिहिते आहे तीही दुसरीकडे, मासिकासाठी, ‘आमच्या धंद्यात’ असं मोघम म्हणत. माझ्या दैनिकाचं नाव मी यात घातलेलं नाही. वरच्या मजल्यावरच्या मुलाबद्दल बोलताना मी कोणती पथ्यं पाळली होती ते वर आलेलंच आहे. दैनिकाबाबत मात्र सगळी पाळली आहेत. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत आणि ग्रॅच्युइटी अजून त्यांच्याकडे आहे.